सिलिंडर सोडून जाणारा चोर

१

वजनकाटा गेला, तेव्हा कुठे कनीजभाभींच्या तोंडून 'चोरी' हा शब्द निघाला.

त्याआधी शेडमधला उभा पंखा दिसेनासा झाला होता. दिराने, म्हणजे अजिमने, दुरुस्तीला नेला असेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मग साउंड बॉक्स गेला. चाकणच्या त्या रस्त्यावरून कंपन्यांचे ट्रेलर जातात. एखाद्याने अचानक हॉर्न मारला की कोंबड्या बिथरतात, एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात. म्हणून शेडमध्ये दिवसभर हलक्या आवाजात गाणी लावायची त्यांची रीत होती. साउंड बॉक्स गेल्यावर त्यांनी आपला जुना मोबाइल खिळ्याला टांगला आणि गप्प बसल्या. रविवारी सकाळी मात्र काट्याची जागा रिकामी दिसली आणि त्यांनी पिंपळे सौदागरला योगिनीला फोन लावला.

"योगिनीताई, कोणीतरी आमच्या मुळावर उठलंय. आणि वस्तूंचं जाऊ दे, अंडीपण जातायत. रोजचे बेचाळीस ट्रे निघायचे. आज सत्तावीस."

योगिनी तेव्हा सव्वा वर्षाच्या दिव्याचा ताप मोजत होती. सकाळपासून तिसऱ्यांदा. ताप नव्हताच, तिन्ही वेळा नव्हता, तरी तिने तो वहीत लिहिला. त्या वहीत दिव्याचं सगळं असायचं: किती वाजता झोपली, किती घास खाल्ले, कुठला डास कुठे चावला. नवरा गणराज त्या वहीला 'पोलीस डायरी' म्हणायचा.

दिव्या व्हायच्या आधी योगिनी चिंचवडला एका बँकेच्या कर्ज विभागात होती. नोकरी सुटली, पण कागद बघितले की हात शिवशिवायचे. सोसायटीच्या गेटवर आठवड्यातून दोनदा अंडी घेऊन येणाऱ्या कनीजभाभींशी तिची ओळख झाली ती अशीच. दीड हजार कोंबड्यांचं शेड या बाईने नवऱ्याच्या मागे एकटीने उभं केलं होतं. आता शेजारीच दुसरं बांधायचं होतं आणि त्यासाठी कर्ज मिळत नव्हतं. दोन बँकांनी हात वर केले. एका मॅनेजरने तर हसत विचारलं होतं, उद्या रोग आला तर आम्ही जप्त काय करायचं, पिसं? तिसऱ्या बँकेचा अर्ज योगिनीने स्वतः तयार केला. त्यात तिने लिहिलं होतं, रोज सरासरी बेचाळीस ट्रे.

आणि येत्या शुक्रवारी त्या बँकेचा अधिकारी पाहणीला येणार होता. त्याने सत्तावीस ट्रे मोजले, तर अर्ज खोटा ठरणार होता. कनीजभाभींना चौथी बँक उरली नव्हती.

"कशाला हात लावू नका," योगिनी म्हणाली. "मी उद्या येते."

मग तिने वहीचं मागचं पान उघडलं.

२

सोमवारी गणराजने कंपनीत जाता जाता मायलेकींना शेडवर सोडलं. दिव्याला टोपी, मोजे, तोंडाला पातळ ओढणी असा सगळा बंदोबस्त होता.

कनीजभाभींनी शेडच्या दारावर दोनदा टकटक केली आणि मगच दार उघडलं. कोंबड्यांना सांगून आत जायचं असतं, हे योगिनीला मागच्या वेळेपासून माहीत होतं. आत पांढऱ्या कोंबड्यांचा समुद्र नेहमीसारखाच कुरकुरत होता. ना कोणी मलूल, ना कोणी लंगडी. पण खाली पसरलेल्या तुसावर पिसं फार दिसत होती, जणू कोणी उशी फाडली आहे. खाद्याच्या भांड्यांत सकाळचं खाद्य तळाला तसंच होतं.

शेडमध्ये डोक्याएवढ्या उंचीवर जुने पिवळे बल्ब रांगेने लोंबत होते. दिव्याने कडेवरून तिसऱ्या बल्बकडे झेप घेतली. योगिनीने तिचा हात घाईने मागे ओढला. बल्बच्या काचेवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, पेरूच्या आकाराचं, पक्कं वाळलेलं. माशी आसपास असली आणि पोरीला चावली तर? योगिनीने वहीत लिहिलं, 'तिसरा बल्ब, माशी, लांब राहणे', आणि पुढे निघाली.

सामानाच्या खोलीला कुलूप होतं आणि ते धड होतं. आत गॅसचा भरलेला सिलिंडर उभा होता, तांब्याच्या तारेचं वेटोळं खुंटीला होतं, औषधांची पेटी जागच्या जागी होती. पलीकडची तुसाची खोली मात्र दारापर्यंत गच्च भरली होती.

"नवीन तूस आणलंत?" योगिनीने विचारलं.

मागे कुलूप लावता लावता कनीजभाभी म्हणाल्या, नाही, दिवाळीआधी आलं तेच, पसरून पसरून आता संपतच आलं असेल. त्यांचा फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या.

शेडच्या मागे भैरू आणि सुमनची खोली. हे जोडपं हिंगोलीकडचं, चार वर्षं इथेच राहतं, शेडची सगळी कामं तेच करतं. कनीजभाभी सकाळी नऊला येत आणि साडेचारला चिंचवडला परतत. मुलगी मंतशा दहावीला होती. ती क्लासहून यायच्या आत घरी पोचायचा त्यांचा नेम होता. म्हणजे बाकीचा वेळ शेड या दोघांच्या हवाली.

सुमनने दिव्याला मांडीवर घेतलं, गुळाचा खडा पुढे केला. योगिनीने तो हळूच रुमालात लपवला. खोली लख्ख होती. जरा जास्तच लख्ख. फळीवर रंग न उडालेली एक चौकोनी जागा दिसत होती आणि तिच्यावर केबलची वायर नुसतीच लोंबत होती.

"टीव्ही कुठे गेला?"

"बिघडलाय," सुमन म्हणाली आणि दिव्याची टोपी नीट करायला लागली. टोपी नीटच होती.

चोरीबद्दल भैरूला विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला की कुणी आलं न्हाई, कुत्रंबी भुकलं न्हाई. एवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. अजिम आला होता आणि आल्या आल्या त्याने भैरूची कॉलर धरली.

३

कनीजभाभी मध्ये पडल्या म्हणून भैरू सुटला. अजिमचं पिंपरीत गॅरेज होतं, हात काळे आणि तोंड तिखट. त्याचं म्हणणं सरळ होतं. कुलूप तुटलं नाही, कुत्रं भुंकलं नाही, तर घरचाच चोर. अंडीही भैरूच विकतो आहे, पंधरा ट्रे रोज.

योगिनीने त्याला बाजूला घेतलं. त्याच्याबद्दल तिलाही शंका होतीच. जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं आणि एक गोदामवाला त्या जागेला चांगलं भाडं देत होता, हे भाभींनीच सांगितलं होतं. तिने ते तोंडावर विचारलं.

अजिम हसला. "ताई, मला हे बुडवायचंच असतं, तर बँकेच्या कागदावर सही कशाला केली असती? नाही म्हटलं असतं, की खेळ खलास. पंखे चोरत बसलो असतो का?"

योगिनीने वहीत अजिमच्या नावावर रेघ मारली.

चाकणच्या बाजारात विलासचं खाद्याचं दुकान होतं. कनीजभाभींना तो खाद्य उधार द्यायचा आणि त्या बदल्यात अंडी स्वतः ठरवलेल्या भावाने उचलायचा. सोसायट्यांमध्ये त्या थेट विकत तेवढीच काय ती सुटलेली. कर्ज मिळालं, खेळतं भांडवल हातात आलं, की त्या रोख खाद्य घेणार आणि अंडी कुठेही विकणार. नुकसान कुणाचं असेल तर विलासचं. खाद्यात थोडी भेसळ केली, की अंडी आपोआप कमी.

विलासने दिव्याला खुर्ची दिली, योगिनीला चहा दिला आणि उत्तरही दिलं. त्याच लॉटचं खाद्य शेलपिंपळगावच्या रंगरावांकडेही गेलं होतं. त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. रंगरावांचं उत्पादन जसंच्या तसं होतं.

"आणि वहिनी, तुम्ही माझ्यावर कशाला येता," विलास म्हणाला. "त्या बाईंनीच माल कमी न्यायला सुरुवात केलीय. दिवसाला तीन पोती लागायची, आता दोन-अडीचमध्ये भागतं म्हणाल्या. मी उलट तुम्हालाच विचारणार होतो, दुसरीकडून घेतात का?"

योगिनीचा चहा हातातच राहिला. खाद्य कमी लागत होतं. अंडी चोरीला गेली असती, तर कोंबड्यांनी नेहमीएवढंच खाल्लं असतं. अंडं पोटात तयार होतं, मग चोर ते नेतो. इथे कोंबड्या खातच कमी होत्या. म्हणजे अंडी कोणी नेत नव्हतं. ती घातलीच जात नव्हती.

विलासच्या नावावर रेघ पडली. पण मग दीड हजार धडधाकट कोंबड्यांना झालं तरी काय?

ती घरी पोचते तोच भाभींचा फोन. लशी ठेवायचा छोटा फ्रीज गेला होता. लशी मात्र चोराने बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये नीट भरून ठेवल्या होत्या.

४

संध्याकाळी सात वाजता योगिनी वही उघडून बसली. एका बाजूला गेलेल्या वस्तू: पंखा, साउंड बॉक्स, काटा, फ्रीज. दुसऱ्या बाजूला न गेलेल्या: भरलेला सिलिंडर, तांब्याची तार, औषधं. हा कसला चोर? तार भंगारात घातली असती, तर रोख मिळाले असते. सिलिंडर तर हातोहात खपतो. तो सोडून हा जुना फ्रीज नेतो आणि लशी खराब होऊ नयेत म्हणून बर्फ आणून घालतो.

आणि टीव्ही. भैरूचाही टीव्ही गेला होता. पण ज्याचा टीव्ही गेला, तो ओरडत नव्हता.

गणराज म्हणाला, "राव, तुझ्या चोराला शेडची काळजी जास्त आहे." तो चेष्टेने म्हणाला होता. योगिनीने ते वाक्य वहीत उतरवलं.

दिव्याच्या पाळण्याशेजारी टेबलावर जुना दिवा होता, सासूबाईंच्या आग्रहाखातर ठेवलेला, पिवळ्या बल्बचा. दिव्याने त्याच्याकडे हात नेला. योगिनीने झडप घालून तो ओढला. "हाऽ, भाजेल ना बाळा!"

आणि ती तशीच उभी राहिली, पोरीचा हात हातात धरून.

सकाळी तिने हाच हात अशाच बल्बपासून ओढला होता. पण तेव्हा भाजण्याची भीती तिच्या मनात आलीच नव्हती. माशी चावेल ही भीती होती. रोज पहाटे आणि संध्याकाळी तासन्‌तास तापणाऱ्या काचेवर कुठली माशी मातीचं घर बांधेल? बांधलं तरी ती माती तडकून पडेल.

तिने फोन लावला. "भाभी, शेडमधले बल्ब किती वाजता लावतात?"

"पहाटे साडेचारला, उजाडेपर्यंत. परत अंधार पडला की साडेआठपर्यंत. थंडीत दिवस लहान, ताई. कोंबडीला सोळा तास उजेड दिसला नाही तर ती अंडी द्यायचं सोडते, पिसं गाळायला लागते. भैरूला सगळं ठाऊक आहे."

"हे का करायचं, ते कधी सांगितलंत त्याला?"

भाभी म्हणाल्या, "लाव म्हणून सांगितलं होतं."

"उद्या सकाळी सगळ्यांना तुसाच्या खोलीपाशी बोलवा," योगिनी म्हणाली. "चोर कोण ते मला कळलं. का, ते अजून कळलं नाही."

५

मंगळवारी तुसाच्या खोलीसमोर सगळे जमले. अजिम बाह्या सरसावून, विलास खाद्याची पोती उतरवायच्या निमित्ताने, भैरू आणि सुमन भिंतीला टेकून. दिव्या भाभींच्या कडेवर होती.

योगिनीने घाई केली नाही. आधी खाद्याचं सांगितलं, मग पिसांचं, मग बल्बवरच्या मातीच्या घराचं. निदान दोन आठवडे तरी हे दिवे लागलेले नाहीत, ती म्हणाली. संध्याकाळ-पहाट इथे दोघंच असतात. आता वस्तूंचं बघा. जे गेलं ते सगळं विजेवर चालणारं, दारातून आत येणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसणारं. जे विकून पैसे होतील ते इथेच. म्हणजे विकायचं नव्हतंच. आणि दिवाळीआधीचं तूस, वापरून संपायला आलेलं, ते दारापर्यंत कसं वाढलं?

अजिमने तुसात हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि काहीतरी पत्र्याचं वाजलं. फ्रीज. त्याच्या मागे गोधडीत गुंडाळलेला काटा, पंखा, साउंड बॉक्स. आणि सगळ्यात आत, सुमनच्या चांगल्या लुगड्यात बांधलेला टीव्ही.

"म्या चोरलं न्हाई, भाभी," भैरू म्हणाला. "झाकलंय."

अजिमचा हात पुन्हा कॉलरकडे निघाला होता. भाभींनी नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि तो हात खिशात गेला.

मग ते बाहेर आलं, तुकड्यातुकड्याने, अर्धं भैरूकडून आणि अर्धं सुमनकडून. त्यांच्या गावी पिवळ्या रेशन कार्डासाठी पाहणी व्हायची. साहेब फॉर्म घेऊन घरात शिरायचे, पंखा दिसला लिही, टीव्ही दिसला लिही, विजेचं बिल बघ. थोरल्या भावाने मोठ्या हौसेने सगळं दाखवलं आणि त्याचं नाव कटलं, धान्य बंद झालं. भैरूने टीव्ही कडब्यात घातला होता. त्याचं नाव राहिलं. सरकारी माणूस घर बघायला येतो म्हटल्यावर काय करायचं असतं, ते त्याला त्या दिवसापासून पाठ होतं.

"पण बल्ब का बंद केलेस?" भाभींनी विचारलं.

भैरूने योगिनीकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "ह्या ताई मागल्या खेपेला आल्त्या, तवा बिल हातात धरून म्हणल्या, बाप रे, केवढं बिल, साहेब आधी हेच बघंल. म्हणलं, भाभीचं कर्ज ह्या बिलापायी अडायचं. पुढलं बिल तरी कमी यावं."

योगिनीला तो दिवस आठवला. ते बिल तिने खरंच पंख्यासारखं हलवलं होतं. आनंदाने. बिल मोठं म्हणजे शेड बारा महिने चालू असल्याचा पुरावा, बँकेला याहून चांगला कागद कुठला? ते कुणाला सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी दिव्याच्या शिंकेचीही नोंद ठेवणारी ती, इथे चार हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नव्हतं.

"चूक माझी आहे, भैरूभाऊ," ती म्हणाली.

विलासने घसा खाकरला. पंखा लपवला तरी कोंबड्यांना काय कळणार, असं काहीतरी तो बोलायला गेला, पण कोणी हसलं नाही, तेव्हा तो पोती उतरवायला लागला.

दिवे त्याच संध्याकाळी लागले. पण थांबलेली अंडी बटण दाबून परत येत नाहीत. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

६

योगिनीने सुजितला फोन करायचं ठरवलं आणि दोन वेळा नंबर लावून कट केला. सुजित तिच्यासोबत चिंचवडला होता, आता या तिसऱ्या बँकेच्या चाकण शाखेत आला होता. पाहणीला तोच येणार होता. दोन रांगा उसन्या कोंबड्या आणून उभ्या करणारे शेडवाले त्याने पाहिले होते, त्याला गोष्टी सांगून चालणार नव्हतं. भाभींनाच शेवटी राहवलं नाही. त्यांनी फोन हातातून घेतला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं, कुंभारीण माशीसकट.

पलीकडे सुजित इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग म्हणाला की बिल कमी आलं असतं, तर त्यानेच विचारलं असतं, शेड बंद होतं का म्हणून. चार आठवड्यांनी येतो. तोवर रोज पहाटे आणि संध्याकाळी शेडमधल्या दिव्यांचा एक-एक फोटो पाठवायचा.

फोटो भैरू पाठवायचा. अगदी वेळेवर, साडेचारला. कधीकधी फोटोत त्याचा अर्धा चेहराही यायचा. योगिनीने त्याला बसवून सोळा तासांचा सगळा हिशोब समजावला होता. ऐकून तो म्हणाला होता, आपलं दिव्याबाळ उजेडात झोपत न्हाई अन् ही कोंबडी अंधारात अंडी देत न्हाई, सारखंच की. पहिल्या आठवड्यात अठ्ठावीस ट्रे, मग बत्तीस, मग अडतीस. योगिनी रोजचा आकडा दिव्याच्या घासांच्या शेजारी लिहायची.

डिसेंबर संपता संपता एका शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता, सुजित आला. त्या सकाळी एक्केचाळीस ट्रे निघाले होते. योगिनी, भाभी, अजिम, सगळे फाटकाशी उभे होते. सुजितने शेडकडे बघितलं आणि तो जागीच थांबला.

भर उन्हात शेडचे सगळे बल्ब लागलेले. डिसेंबरच्या थंडीत उभा पंखा गरागरा फिरतोय. साउंड बॉक्सवर लावणी. दाराशी टेबल, टेबलावर काटा, शेजारी फ्रीज, त्याचं दार उघडं, आतला दिवा दिसावा म्हणून. आणि या सगळ्याच्या मध्ये, सुमनचं चांगलं लुगडं खाली अंथरून त्यावर मांडलेला टीव्ही. तोही चालू.

"हे काय?" सुजितने विचारलं.

"दावाया पायजे, असं ताई म्हणल्या ना, साहेब," भैरू म्हणाला. "झाकून ठेवलं की वाटोळं हुतं."

सुजितने दारावर टकटक केली आणि आत गेला. कोंबड्या मोजल्या, ट्रे मोजले, बिल बघितलं, दुसऱ्या शेडची जागा चालत मोजली. दोन तासांनी त्याने कागदावर सही केली आणि भाभींना म्हणाला की मंजुरी पुढच्या आठवड्यात येईल. भाभींनी दिव्याला घेतलं आणि तिच्या टोपीत तोंड लपवलं. अजिम पलीकडे जाऊन उगाच मोटरसायकलचा प्लग काढून बघायला लागला.

निघताना भैरू सुजितच्या गाडीपाशी रेंगाळला. मागे सुमन उभी होती, ती त्याला कोपराने ढोसत होती. शेवटी त्याने विचारलं. गावाकडं सुमनच्या नावावर अर्धा एकर हाय. पन्नास-शंभर गावरान कोंबड्या ठेवायच्या म्हणलं, तर असल्या माणसाला मिळतं का काही?

सुजितने सहज बॅगेतून एक फॉर्म काढला आणि बॉनेटवर ठेवला. "बघू तरी. तुमच्याकडे काय काय आहे, भैरूभाऊ?"

भैरूने सवयीने खाली बघितलं. मग योगिनीकडे. तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहायला पेन सरसावलं.

"टीव्ही हाय," भैरू म्हणाला. आवाज आधी बारीक होता, मग वाढला. "पंखा हाय. मोबाइल हाय, मोठा. शिलाई मशीन हाय सुमनची, पायाची. गॅस हाय."

"सिलिंडर दोन हायती," सुमन मागून म्हणाली. "दोन लिवा."